शिलकी रायफल, कोणत्या देशाची?

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम गावातलं बंदुकांचं दुकान डोळ्यांपुढे आणा. साल साधारण २००५. काउंटरमागच्या काचेच्या कपाटात नव्या कोऱ्या, चकचकीत बंदुका मांडलेल्या आहेत. पण एका कोपऱ्यात, छत्र्या उभ्या कराव्यात तशा, जुन्या लाकडी रायफली ओळीनं उभ्या आहेत. प्रत्येकीच्या चापाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर देशाचं नाव आणि किंमत. रशिया, जर्मनी, स्वित्झर्लंड, स्वीडन, ब्रिटन. आणि हो, इंडियासुद्धा! दुकानात आलेला तरुण विचारतो, ‘पहिलीच घेतोय. कोणत्या देशाची घेऊ?’

प्रश्न तसा साधा, गिऱ्हाइकाचा. पण त्याचं उत्तर द्यायला बसलं, तर विसाव्या शतकाचा निम्मा इतिहास उलगडावा लागतो. कारण या रायफलींच्या किमती त्यांच्या गुणांवर ठरलेल्या नव्हत्या. त्या ठरल्या होत्या, ज्या देशानं त्या बनवल्या त्या देशाच्या नशिबावर.

आपल्याकडे जुन्या बाजारात लष्कराचे ओव्हरकोट, बूट, पाणबाटल्या मिळतात. लष्कराला नको झालेला माल असा बाहेर येतो. अमेरिकेत त्या ढिगात रायफलीही असतात, एवढाच फरक. या व्यापाराला तिथे मोठी परंपरा आहे. १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि सरकारनं शिल्लक सामान लिलावात काढलं. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमन नावाच्या व्यापाऱ्यानं त्या मालावर धंदा उभारला. १८९८ साली स्पेनशी युद्ध झालं, तेव्हा तर जप्त झालेल्या स्पॅनिश मालाचा बहुतेक सगळा हिस्सा त्यानंच उचलला. एवढा दारूगोळा शहरात कोण ठेवू देणार? म्हणून १९०० साली त्यानं हडसन नदीतलं एक बेटच विकत घेतलं आणि त्यावर किल्ल्यासारखं कोठार बांधलं. १९२० साली त्या बेटावर दारूचा प्रचंड स्फोट झाला. त्या किल्ल्याच्या पडक्या भिंती आजही नदीतून दिसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या धंद्याचं रूपच पालटलं. युरोपातल्या प्रत्येक देशाची कोठारं रायफलींनी भरलेली होती आणि लष्करांना आता स्वयंचलित हत्यारं हवी होती. बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि मग एक गोळी झाडायची, अशा रायफलींचा जमाना संपत आला होता. सॅम्युएल कमिंग्ज नावाच्या तरुणानं ही वेळ बरोबर हेरली. काही काळ त्यानं अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेत शस्त्रांचा जाणकार म्हणून काम केलं होतं. पुढे ‘इंटरआर्म्स’ या नावानं ओळखली गेलेली कंपनी त्यानं १९५३ साली काढली. देशोदेशींच्या सरकारांकडून घाऊक रायफली घ्यायच्या, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या गोदामांत आणायच्या आणि किरकोळ बाजारात सोडायच्या, असा त्याचा खाक्या. खासगी शस्त्रव्यापारात पुढे त्याच्या तोडीचा माणूस शोधून सापडत नव्हता.

या स्वस्त मालानं अमेरिकेतले बंदूक कारखानदार धास्तावले. मॅसॅच्युसेट्स राज्यात असे कारखाने बरेच होते. त्या राज्याच्या एका सिनेटरनं १९५८ साली परदेशी लष्करी शिलकीच्या आयातीवर बंदी घालणारं विधेयक मांडलं. ते मूळ स्वरूपात काही मंजूर झालं नाही. त्या सिनेटरचं नाव जॉन एफ. केनेडी.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे, पण तपशील ऐका. मार्च १९६३ मध्ये ली हार्वी ओस्वाल्ड यानं शिकागोच्या एका दुकानाकडे, मासिकातली जाहिरात पाहून, खोट्या नावानं टपालानं एक रायफल मागवली. इटलीच्या टेर्नी इथल्या सरकारी कारखान्यात १९४० साली बनलेली ती कार्कानो रायफल होती. इटालियन लष्कराच्या शिलकीतली. दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट. त्याच रायफलीनं २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलास इथे राष्ट्राध्यक्ष केनेडींचा बळी घेतला. पाच वर्षांपूर्वी कारखानदारांच्या काळजीपोटी त्यांनी ज्या मालाला दार बंद करायचा प्रयत्न केला होता, तोच हा माल.

तरी कायदा व्हायला १९६८ साल उजाडलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये नवा कायदा आला. टपालानं बंदुका मागवणं बंद झालं, लष्करी शिलकीची आयातही थांबली. पुढे १९८४ साली संग्राहकांसाठी हे दार पुन्हा किलकिलं झालं. पन्नास वर्षांहून जुनी बंदूक ही ‘दुर्मीळ वस्तू’ मानावी आणि अशा बंदुकांच्या संग्राहकाला वेगळा परवाना मिळावा, अशी तिथे व्यवस्था आहे. आणि मग १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला. पूर्व युरोपातली कोठारं उघडली. पुढची वीस वर्षं या छंदाची सुगी होती. आपला तरुण त्या दुकानात उभा आहे, तो या सुगीच्या दिवसांत.

आता त्या ओळीतली एकेक रायफल हातात घेऊ.

सगळ्यांत स्वस्त रशियन. मोसिन-नागां. १८९१ सालचा आराखडा, रशियन अधिकारी सर्गेई मोसिन आणि बेल्जियमचा लिऑन नागां यांच्या नावानं ओळखला जाणारा. झारच्या काळापासून स्टालिनच्या काळापर्यंत तीन कोटींहून जास्त नग बनले. दुसरं महायुद्ध संपल्यावर सोव्हिएत शस्त्रागारांनी या रायफली गोळा केल्या, डागडुजी केली, घट्ट पिवळट ग्रीस थापलं आणि लाकडी पेट्यांत भरून ठेवल्या. पुन्हा युद्ध झालं तर असाव्यात म्हणून. ते युद्ध झालंच नाही. देशच मोडला. म्हणून २००५ च्या सुमाराला ही रायफल संगीन, पट्टा आणि तेलाच्या डबीसकट शंभर डॉलरच्या आत मिळत होती. उन्हात धरली, की दस्त्याच्या लाकडातून पन्नास वर्षांपूर्वीचं ग्रीस पाझरायला लागायचं.

पण ती स्वस्त म्हणजे टाकाऊ, असं नव्हे. नळीच्या मागच्या टोकावर कारखान्याची खूण आणि साल कोरलेलं असतं. तारा असेल तर तुला, त्रिकोणात बाण असेल तर इझेव्स्क. इझेव्स्कची १९४२ सालची रायफल पाहा. पोलादावर यंत्राच्या हत्याराचे ओरखडे तसेच दिसतात. गुळगुळीत करायला वेळच नव्हता. जर्मन फौजा तेव्हा व्होल्गेपर्यंत पोचल्या होत्या. १९३८ सालची, शांततेच्या दिवसांतली रायफल शेजारी ठेवा, म्हणजे फरक बोटांना कळतो. युद्धाचा तो सगळा ताण त्या ओरखड्यांत आहे.

याच रायफलीची एक सावत्र बहीण आहे, फिनलंडची. फिनलंड १९१७ साली रशियापासून स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या हाती रशियन रायफली मोठ्या संख्येनं आल्या. रायफलीचा मुख्य सांगाडा फिनलंडनं स्वतः कधी बनवलाच नाही. रशियन सांगाडा घ्यायचा आणि त्यावर आपली उत्तम नळी, आपला दस्ता चढवायचा, ही त्यांची रीत. १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजा चालून आल्या, तेव्हा दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या हातात मुळात एकाच घरातली रायफल होती. फिनलंडच्या लष्कराची चौकटीतली ‘एस. ए.’ ही दोन अक्षरं सापडली, की संग्राहक जास्तीचे पैसे आनंदानं मोजतो.

आता जर्मन. माउझर कंपनीचा १८९८ सालचा आराखडा जगभर नावाजलेला. त्याची आखूड आवृत्ती १९३५ साली जर्मन लष्करानं स्वीकारली आणि १९४५ पर्यंत सुमारे १ कोटी ४० लाख नग बनले. आता गंमत बघा. २००५ च्या सुमाराला अमेरिकेत आलेल्या जर्मन रायफलींतल्या कितीतरी जर्मनीतून आलेल्याच नव्हत्या. त्या आल्या होत्या पूर्वीच्या सोव्हिएत कोठारांतून. रणांगणावर पकडलेल्या रायफली रशियनांनी खोलल्या, एकीचा बोल्ट दुसरीला लावला, नवे आकडे घातले आणि सांगाड्यावर फुलीसारखी खूण मारली. जिंकलेल्यानं हरलेल्याचं हत्यार स्वतःच्या पेटीत भरून ठेवलं, ते असं.

कारखान्याची नावं लपवण्यासाठी जर्मनांनी अक्षरांचे संकेत वापरले होते. त्या संकेतांचे तक्ते आज छापील मिळतात आणि नवा संग्राहक ते उत्साहानं पाठ करतो. त्यातला एक संकेत गुस्टलॉफ कारखान्यांचा आहे. या उद्योगानं वायमारजवळच्या बुखेनवाल्ड छळछावणीला लागूनच कारखाना काढला होता आणि तिथे कैद्यांकडून रायफलीचं काम करून घेतलं जाई. २४ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले, त्यात शेकडो कैदीही मेले. तेव्हा जर्मन रायफल घेताना ‘सगळे आकडे जुळतात का’ एवढंच विचारून भागत नाही. ती कोणाच्या हातांनी घडली, हेही त्या अक्षरांतच लिहिलेलं असतं.

आणि याच रायफलीचा तिसरा जन्म. युद्धकाळात चेकोस्लोव्हाकियातला ब्रनो शहराचा कारखाना जर्मनांसाठी ही रायफल बनवत होता. १९४८ साली इस्रायल जन्माला आला आणि लगेच युद्धात सापडला. त्याला रायफली दिल्या चेकोस्लोव्हाकियानं. त्यामुळे नाझी गरुडाचा ठसा असलेली आणि शेजारीच डेव्हिडचा तारा कोरलेली रायफल संग्राहकांना सापडते. ज्यांचा नायनाट करायला निघालेल्या राज्यासाठी ती घडली, त्यांच्याच नव्या राज्याचं तिनं रक्षण केलं. इतिहासाच्या पुस्तकात एवढी गोष्ट सांगायला दोन पानं लागतात.

या सगळ्यांच्या शेजारी स्विस रायफल उभी असते, अगदी घरंदाज. १९३१ सालचा नमुना. बोल्ट फिरवायचा नाही, सरळ मागे ओढायचा. घड्याळवाल्या देशानं करावं तसं काम. पाच लाखांहून अधिक नग बनले, पण युद्ध एकदाही पाहिलं नाही. स्विस नागरिक-शिपाई आपली रायफल घरीच ठेवतो. तिच्या दस्त्याच्या टोकाची धातूची पट्टी उघडली, की आत बऱ्याचदा कागदाची चिठ्ठी निघते. शिपायाचं नाव, गाव, पलटण. कितीतरी अमेरिकी संग्राहकांनी त्या पत्त्यावर पत्रं लिहिली. स्वीडनची माउझरही याच जातीची. दस्त्यावरच्या पितळी चकतीवर नळी किती झिजली आहे, याची नोंद केलेली असते. आपलं हत्यार नेमकं किती झिजलं हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणारा हा देश १८१४ नंतर युद्धात उतरलेला नाही. नव्या माणसाला जाणकार सहसा हीच दोन नावं सुचवत. शांततेत वाढलेली रायफल चांगली निघते, यात नवल ते काय?

जपानी रायफलीची कहाणी नेमकी उलटी. आरिसाका रायफलीच्या माथ्यावर सम्राटाचं चिन्ह असे, सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल. ती रायफल म्हणजे सम्राटाची मालमत्ता. १९४५ च्या शरणागतीनंतर हत्यारं शत्रूच्या हाती जायची वेळ आली, तेव्हा ही फुलं घासून काढली गेली. फूल शाबूत असलेली रायफल बहुधा रणांगणावरच अमेरिकी शिपायाच्या हाती पडलेली असते. त्यामुळे तिची किंमत जास्त. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांतल्या जपानी रायफली मात्र इतक्या ओबडधोबड आहेत, की त्या झाडण्याच्या फंदात कोणी पडू नये. पोलाद संपत चाललेल्या देशाचा शेवटचा श्वास त्यांच्यात दिसतो.

राहिली ब्रिटिश रायफल. आणि इथे आपण घरी येतो. ली-एन्फिल्ड, तिचा बोअर पॉइंट थ्री नॉट थ्री इंच. आपल्या बोलीत सरळ ‘थ्री नॉट थ्री’. इतरांच्या मॅगझिनमध्ये पाच-सहा काडतुसं, हिच्यात दहा. बोल्ट लोण्यासारखा चालतो. दोन्ही महायुद्धांत भारतीय शिपायांच्या खांद्यावर हीच होती. १९४४-४५ मध्ये इटलीच्या डोंगरांत लढलेल्या मराठा पलटणींकडेही हीच, आणि समोर जर्मन माउझर.

ही रायफल बंगालमध्ये, कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात बनत असे. स्वातंत्र्यापूर्वीच्या नगावर ब्रिटिश राजमुकुट आणि राजाची आद्याक्षरं, नंतरच्या नगावर अशोकाचे सिंह. एकाच कारखान्यातली रायफल, पण राज्य बदललेलं लोखंडावर दिसतं. काडतुसांचा एक मोठा पुरवठा होता आपल्या पुण्याच्या खडकीचा. १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘के. एफ.’ ही अक्षरं बुडाशी असलेली काडतुसं अमेरिकेतल्या नेमबाजांना चांगली ठाऊक आहेत. टेक्सासमधला कोणी गृहस्थ काडतुसाचं टरफल उचलून बघतो आणि त्यावर पुण्याच्या एका उपनगराची आद्याक्षरं असतात.

१९६२ साली चीनच्या स्वयंचलित हत्यारांपुढे आपले जवान याच जुन्या रायफलीनं लढले. त्या धड्यानंतर लष्करात नवी रायफल आली. दरम्यान गरज भागवण्यासाठी ईशापूरनं जुन्याच आराखड्यावर, अधिक मजबूत पोलादाची, नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी रायफल बनवली. आधी तिचा नेमफलक २००० मीटरपर्यंतचा होता, नंतरच्या नगांवर तो ८०० मीटरपर्यंतच ठेवला गेला. जुन्या आराखड्याची ही शेवटच्या पिढीतली लष्करी रायफल पुढे शिलकीत निघाली आणि अमेरिकेला गेली. त्या दुकानातल्या ओळीत ‘इंडिया’ अशी चिठ्ठी बांधून उभी होती ती हीच. महाग नव्हती, काडतूस सहज मिळत होतं. त्यामुळे पहिली रायफल म्हणून तिची शिफारस करणारे पुष्कळ.

इथे एक गोष्ट मनाला टोचते. टेक्सासमध्ये कोणी रविवारच्या सकाळी ली-एन्फिल्ड हौसेनं झाडत होता, त्याच वर्षांत आपला पोलीस शिपाई तीच घेऊन पहाऱ्यावर उभा होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले. समोर रेल्वे पोलिसांकडे काठ्या होत्या आणि थ्री नॉट थ्री होत्या. एका गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणारी रायफल. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी तर तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. म्हणजे शिल्लक कोणती आणि गरजेची कोणती, हे रायफलीच्या वयावर ठरत नाही. ते ठरतं देशाच्या खिशावर. श्रीमंताच्या भिंतीवर जे हौसेनं टांगलं जातं, ते गरिबाच्या पहाऱ्यात कामावर असतं.

आपल्या कायद्याची तऱ्हाही सांगायला हवी. भारतात .३०३ हा ‘निषिद्ध बोअर’. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. म्हणून परवानाधारकांसाठी ईशापूरनं .३१५ बोअरची रायफल काढली. यंत्रणा जवळपास तीच, काडतूस वेगळं. लष्कराची गोळी नागरिकाच्या बंदुकीत बसू नये, ही त्यामागची ब्रिटिशांच्या वेळची सावधगिरी. ती आपण तशीच चालू ठेवली. अमेरिकेत मात्र लष्कराची रायफल घरात असण्यात काहीच वावगं नाही. दोन देश, दोन भीती. एकाला आपल्या माणसांची वाटते, दुसऱ्याला आपल्या सरकारची.

मग त्या तरुणाला काय सांगायचं? जाणकार सांगतात ते सरळ आहे. आधी काडतूस मिळतंय का ते बघ, मग रायफल. नळीतून उजेडाकडे बघ. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या रसायनामुळे नळीत क्षार राहतात आणि ती पाण्यानं धुतली नसेल, तर आतून गंज खाते. आकडे जुळतात का बघ. झाडण्याआधी कारागिराकडून तपासून घे. कमी खर्चात शिकायचं तर रशियन, नेम शिकायचा तर स्विस किंवा स्वीडिश, हाताला सुख हवं तर ली-एन्फिल्ड. जर्मन घेशील, तर तिचे शिक्के वाचायला शीक आणि वाचल्यावर विसरू नकोस.

आज ती ओळ विरळ झाली आहे. कोठारं रिकामी झाली, निर्बंध आले, आणि शंभर डॉलरची रशियन रायफल आता कितीतरी पट महाग आहे. पण मोसिन-नागांची शेवटची बातमी कुठल्या दुकानातून आली नाही. २०२२ साली रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा दोनेत्स्क भागात सक्तीनं भरती केलेल्या माणसांच्या हातात या रायफली छायाचित्रांत दिसल्या. १८९१ चा आराखडा, बहुधा महायुद्धाच्या काळात घडलेलं पोलाद, आणि हातात धरणारा विशी-तिशीतला मुलगा. अमेरिकेच्या कायद्यानं जिला दुर्मीळ वस्तू ठरवलं, तिला तिकडे पुन्हा कामावर बोलावलं होतं. त्या मुलाला मात्र कोणत्या देशाची रायफल हवी, असं कोणी विचारलं नव्हतं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)